कंपवात, मनगटावरचे यंत्र आणि औषधाची मात्रा

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना काही वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन्स) आहे. डॉक्टरांसमोर त्यांचा हात नेमका शांत असतो. घरी मात्र दुपारी पेपर वाचताना मांडीवरचा हात थरथरत राहतो. मनगटी घड्याळातील नोंदींवरून मशीन लर्निंगच्या साहाय्याने आजाराची तीव्रता मोजता येते, असे वाचले. त्यावर विसंबून गोळ्यांची मात्रा बदलावी का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मात्रा स्वतःहून मुळीच बदलू नये. मात्र आपली अडचण खरी आहे, आणि हे तंत्र नेमके तिथेच उपयोगी पडते. तपासणीत न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाला बोटांची उघडझाप करायला, खुर्चीतून उठायला, चालून दाखवायला सांगतात व प्रत्येक हालचालीला ० ते ४ असे गुण देतात. ही पद्धत विश्वासार्ह असली, तरी लेवोडोपा या कंपवातावरील मुख्य औषधाचा अंमल दिवसभर चढत-उतरत असतो आणि तो त्या काही मिनिटांत दिसतोच असे नाही.

घड्याळातील संवेदक हाताची गती सेकंदाला अनेक वेळा टिपतात. कंपवातात हात विसावलेला असताना येणारा कंप बहुधा सेकंदाला ४ ते ६ आवर्तनांचा असतो, त्यामुळे तो इतर हालचालींतून बराचसा वेगळा काढता येतो. हालचालींतला मंदपणा, हे या आजाराचे दुसरे लक्षण, ओळखणे त्याहून अवघड, कारण मंदावलेला माणूस आणि नुसता स्वस्थ बसलेला माणूस यंत्राला सारखेच भासू शकतात. दात घासणे, भजनात टाळ वाजवणे, खड्ड्यांतून रिक्षाने जाणे यांनीही ते फसू शकते.

जाहिरातीतील अचूकतेच्या आकड्याबाबत मी विशेष सावध राहण्यास सांगेन. मशीन लर्निंगमध्ये संगणक शिकतो तो तज्ज्ञांनी आधी गुण दिलेल्या नोंदींवरून. एकाच रुग्णाच्या नोंदींचे तुकडे शिकवणीत आणि चाचणीत दोन्हीकडे आले, तर यंत्र आजाराऐवजी ती व्यक्तीच ओळखू लागते आणि आकडा फुगतो. म्हणून पूर्वी कधीच न पाहिलेल्या रुग्णांवर, तेही त्यांच्या घरच्या वावरात, चाचणी झाली आहे का, हे जरूर विचारावे.

यंत्र वापरायचेच असेल, तर ज्या हाताला कंप अधिक, त्याच हातावर बांधावे. हा आजार बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि चुकीच्या मनगटावरची नोंद दिशाभूल करते. सोबत साध्या वहीत गोळीची व जेवणाची वेळ लिहावी, कारण प्रथिनयुक्त आहाराने लेवोडोपाचे शोषण मंदावू शकते. दुपारच्या कंपाचे मोबाइलवर छोटे चित्रीकरणही करून ठेवावे. यंत्र नसले, तरी वही आणि हे चित्रीकरण डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाते. अशी वही कशी ठेवावी, हे पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ या स्वमदत गटातील अनुभवी कुटुंबीयांना विचारता येईल. दुपारचा कंप गोळीचा अंमल उतरल्यामुळे येतो असे नोंदींतून दिसले, तर मात्रा वाढवायची की तीच अधिक वेळा विभागून द्यायची, हे डॉक्टर ठरवतील.