रेटिंग गेटवरच राहतं

प्रिय स्क्वॉड्रन लीडर बाईसाहेब,

पत्र पोचलं. पुढच्या वर्षी वायुदलातल्या कमिशनची दहा वर्षं भरतायत, वाढीव चार वर्षं नकोत, आणि ‘बाहेर गेले तरी टॉवरच हवा’, म्हणजे विमानतळावरचं हवाई वाहतूक नियंत्रणच हवं, असं लिहिलंयस. वाचून हसू आलं. वर्दी उतरवताना मीही घरी हेच म्हणालो होतो. बायकोनं विचारलं, “टॉवर तुमच्या नावावर आहे का?”

नाही. टॉवर नावावर नसतो आणि रेटिंगही, म्हणजे त्या टॉवरमध्ये काम करायची परवानगीही, नसते. हे आधी पचव, मग बाकीचं बोलू. लोहगावला तू एका हातानं सुखोईची जोडी आणि दुसऱ्या हातानं दिल्लीहून आलेलं एअरबस सांभाळतेस. आपल्याला पुण्यात उतरवणारा आवाज वायुदलाचा आहे, हे आतल्या प्रवाशांच्या गावीही नसतं. पण हेच काम नागरी टॉवरमध्ये करायचं तर डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, एटीसीओ (हवाई वाहतूक नियंत्रक) लायसन्स आणि त्यावर रेटिंग लागतं, आणि तिकडची वाट मुख्यतः भारतीय विमानतळ प्राधिकरणातून जाते. गोव्यात बघ. दाबोळीला आरटीवर (रेडिओवर) नौदल, आणि 2023च्या जानेवारीत सुरू झालेल्या मोपाला प्राधिकरण. दाबोळीच्या टॉवरमधल्या मुरलेल्या माणसाला उद्या सकाळी उचलून मोपात बसवता येत नाही. यात अपमान मानू नकोस. मुंबईहून नागपूरला बदली झालेल्या प्राधिकरणाच्या कंट्रोलरलाही तिथे पुन्हा कुणाच्या तरी देखरेखीखाली बसून नव्यानं रेटिंग घ्यावं लागतं.

प्राधिकरणाचं दार म्हणजे ज्युनियर एक्झिक्युटिव्ह, एटीसी. फिजिक्स-गणित घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग लागतं, तिथे तू बसतेस. अडतं वयाशी. मर्यादा 27 वर्षांची. माजी सैनिकांना सवलत मिळते खरी, पण दहा वर्षं कमिशन करून निघालेला माणूस त्या सवलतीच्या काठावर किंवा पलीकडे उभा असतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आपल्या लोकांना चालतं’ असं सांगणारे खूप भेटतील. तू मूळ जाहिरात वाच, आपली जन्मतारीख शेजारी लिही आणि वजाबाकी कर. बसत असशील तर बेलाशक फॉर्म भर. प्रशिक्षण प्रयागराजला, हैदराबादला किंवा आपल्या गोंदियाला होईल. बाकावर शेजारी बाविशी-तेविशीची पोरं असतील आणि तुझ्या रँकला तिथे कुणी विचारणार नाही. ते मनाला चालणार असेल तरच.

वजाबाकी जमली नाही, तर? माझी जमली नव्हती.

एका खासगी विमानतळ कंपनीत मुलाखतीला गेलो. बायोडेटावर पहिल्याच ओळीत ठसठशीत लिहिलं होतं: सॅटको. समोर एचआरची पंचविशीतली मुलगी. तिनं फार अदबीनं विचारलं, “सर, सॅटको ही कंपनी कुठली? स्टार्टअप आहे का?” सीनियर एअर ट्रॅफिक कंट्रोल ऑफिसर, असं सांगायला सुरुवात केली ती मी थांबेचना. पीएआरवर, म्हणजे रडारवर बघत पायलटला बोलून-बोलून, विमान उतरवायची सवय ना! पायलटला ‘यापुढे उत्तर देऊ नका’ म्हणून सांगायचं आणि शेवटच्या टप्प्यात पाच सेकंदांच्या वर गप्प राहायचं नाही: ऑन सेंटरलाइन, ऑन ग्लाइडपाथ, किंचित वर, ऑन ग्लाइडपाथ. त्या मुलीला मी तसंच धावपट्टीपर्यंत आणलं. तिनं पाणी मागवलं, बहुधा माझ्यासाठी. नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

मग शहाणा झालो. सॅटकोच्या जागी लिहिलं: ‘लष्करी-नागरी मिश्र वाहतुकीच्या विमानतळावर नियंत्रण विभागाचा प्रमुख’. खाली हाताखाली किती माणसं, किती पाळ्या, किती जणांना शिकवून तयार केलं, किती घटनांची चौकशी केली. एवढ्यानं फरक पडतो. तुझ्याकडे अजून वर्ष आहे, तेव्हा हे आकडे आत्ताच जमव आणि प्रमाणपत्रावर सही घे. तुला ओळखणारा स्टेशन कमांडर बदलीवर गेला की ती सही मिळणं मुश्किल. नागरी उड्डाणांचेच आकडे घे. लढाऊ विमानांची उड्डाणं, स्क्वॉड्रन, तैनाती यातलं अक्षरही कागदावर नको. गोपनीयतेचा कायदा वर्दीबरोबर उतरत नाही.

जागा कुठल्या, तर मोठ्या खासगी विमानतळांवर एप्रन कंट्रोल असतं. विमान कुठे उभं करायचं, पुशबॅक (मागे ढकलून बाहेर काढणं) कधी द्यायचं, हे तिथे कंपनीची माणसं बघतात. काच आहे, हेडसेट आहे, तुझी हौस बरीचशी भागेल. मुंबईत एका वेळी एकच धावपट्टी चालते आणि गर्दीच्या तासाला चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात. तिथे स्टँड रिकामा व्हायला पाच मिनिटं उशीर झाला की मागे रांग लागते, आणि रांग कशी मोडायची हे तुला शिकवावं लागणार नाही. दुसरी जागा एअरलाइनचं ऑपरेशन्स कंट्रोल. पुण्यात हव्या त्या वेळेचा स्लॉट का मिळत नाही, हे तिथल्या लोकांना कोडं वाटतं आणि तू तर कोड्याच्या आतच राहतेस. डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाचं नियोजन करणारा, व्हायचं तर डीजीसीएची मान्यता लागेल, पण अभ्यासातलं हवामान आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) तुझ्या रोजच्या जेवणातलेच. सेफ्टी विभागही बघ. कंटाळवाणा वाटतो, पण पस्तिशीनंतर बरा वाटू लागतो, रात्रपाळीही नसते. ड्रोनचं मला फारसं कळत नाही, म्हणून बोलत नाही.

जीभही बदलायला लाग. उतरणं सोडून पुन्हा वर जा, याला आपण ‘ओव्हरशूट’ म्हणतो, नागरी पायलट ‘गो अराउंड’ ऐकायला बसलेला असतो. आपला पोरगा ‘बिंगो’ म्हणाला की इंधन परतीपुरतंच उरलंय, हे आपण समजतो. तिकडे आधी ‘मिनिमम फ्युएल’ आणि खरंच गळ्याशी आलं की ‘मेडे फ्युएल’, आणि दोहोंत फरक आहे. इंग्रजीची आयकाओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) पातळी किमान 4 लागते. ‘आपलं इंग्रजी चांगलंच आहे’ म्हणून हे उडवून लावू नकोस. 12 नोव्हेंबर 1996ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकली, 349 माणसं गेली. कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबायचं होतं, ते आणखी खाली आलं, आणि त्याच्या वैमानिकांचं कच्चं इंग्रजी हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. भाषेची ही परीक्षा नंतर आली त्यामागे त्या संध्याकाळचाही हात आहे.

माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा आयआयएममधला सहा महिन्यांचा कोर्स मिळत असेल तर घे, वर्गातल्या ओळखींसाठी तरी. पेन्शन नाही, हे घरी स्पष्ट सांग. ग्रॅच्युइटीचे पैसे फ्लॅटच्या बुकिंगला देऊन मोकळी होऊ नकोस.

पंधरा तारखेपर्यंत बायोडेटाचा कच्चा मसुदा पाठव. दोन पानांच्या आत. आधी काकूला वाचायला देणार आहे. तिला न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली ती लाल रेघ मारते, आणि माझ्या पहिल्या मसुद्यावर तिची रिफिल संपली होती.

तुझा,
जुना सॅटको