बापाला मोफत वकील मिळतो का? आणि भेदभावाची तक्रार कुठे करायची?

भाऊ, तुम्ही चोपड्याचे (जळगाव जिल्हा), ७ वर्षांची मुलगी आईसोबत शहाद्याला (नंदुरबार जिल्हा) आजोळी, आणि तुम्हाला तिची भेट हवी आहे. मुलीची माहिती मागितली की शाळा म्हणते 'आईची परवानगी आणा', आणि कुणीतरी सांगितलंय की मोफत वकील फक्त बायकांनाच. ते अर्धंच खरं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात (कलम १२) बाईचं उत्पन्न बघत नाहीत, पुरुषाचं बघतात. महाराष्ट्रात मर्यादा वर्षाला ३ लाख. अनुसूचित जाती-जमातीचे किंवा दिव्यांग असाल तर तीही अट नाही.

जळगावला अर्ज देऊन बसू नका, उगाच महिना जातो. मुलीच्या ताब्याचा अर्ज (पालक व पाल्य कायदा, १८९०) मूल जिथे राहतं तिथल्याच जिल्ह्यात चालतो, म्हणजे नंदुरबारला. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर मात्र त्याच कोर्टात. म्हणून मोफत वकिलासाठीचा (विधी सेवेचा) अर्जही नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या. सोबत आधार, मुलीचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला. दाखला सेतूत अडकला असेल तर उत्पन्नाचं शपथपत्र चालतं, कलम १३ मध्ये तशी सोय आहे. विचारपूस १५१०० या हेल्पलाइनवर. नेमलेल्या वकिलाने 'टायपिंगचे' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा.

ताब्याच्या पहिल्याच अर्जात अंतरिम (निकाल लागेपर्यंतची) भेट मागा. 'मुलीला भेटू द्यावे' एवढंच लिहिलं तर आदेशही मोघम येतो आणि भांडण दारावर होतं. असं लिहा: "दर दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५, शहादा येथे, दर बुधवारी सायंकाळी ७ वाजता व्हिडिओ कॉल." तोवर मुलीचा खर्च बँकेतूनच पाठवत राहा. शाळेतून परस्पर उचलून आणा, असं सांगणारे चावडीवर भेटतील. तसं केलंत तर भेटीचा अर्जच लंगडा पडतो.

शाळेला जन्मदाखल्याची प्रत जोडून प्रगतिपुस्तक आणि हजेरी लेखी मागा, पोच घ्या. दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

भेदभावाचं म्हणाल तर पुरुष आयोग नाही. राज्य मानवी हक्क आयोग सरकारी नोकराच्या वागण्याचीच तक्रार घेतो, तीही वर्षाच्या आत, आणि कोर्टात चालू असलेल्या विषयात पडत नाही. कायदाच बायकांकडे झुकतो ही तक्रार टिकायची नाही, घटनेच्या कलम १५(३) ने बायकांसाठी खास तरतूद करायची मुभा दिली आहे. हिंदू कायद्यात ५ वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे खरं. समोरचा वकील हाच ५ वर्षांचा नियम दाखवेल, पण तुमची मुलगी ७ ची आहे.