'इडिओमॅटिक कोड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : 'एलिगंट, इडिओमॅटिक पायथॉन कोड' (म्हणजे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या रूढ पद्धतीने लिहिलेला, सुबक कोड) याचं मराठी करताना 'मुहावरेदार' लिहावं, 'वाक्प्रचारयुक्त' लिहावं, की 'शैलीदार'?

तिन्ही नकोत. 'मुहावरेदार' ऐकलं की हिंदीच कानात वाजते. 'वाक्प्रचार' म्हटलं की लक्ष्यार्थ आला. 'हात टेकणे' म्हणताना कोणी खरोखर हात टेकत नाही. कोडमध्ये लक्ष्यार्थाला जागाच नसते, लिहिलं तेच घडतं. आणि 'शैलीदार' कोड लिहिणाऱ्याच्या लकबीकडे बोट दाखवतो. इथे मुद्दा माणसाचा नाही, भाषेचा आहे. मूळ ग्रीक 'इडिओस'चा अर्थ 'स्वतःचा, आपला' असा आहे. ('इडियट'ही त्याच मुळातला, पण ते असो.)

मला यासाठी 'वळण' हा शब्द चपखल वाटतो. 'इंग्रजी वळणाचं मराठी' असं आपण म्हणतोच. 'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' हे वाक्य व्याकरणात बसतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की ते शेजारी उभे आहेत. मराठी वळण 'मला दोन भाऊ आहेत' हे. पायथॉनच्या अधिकृत शब्दसूचीत 'पायथॉनिक'ची व्याख्या नेमकी अशीच आहे : दुसऱ्या भाषांतल्या कल्पना न लादता याच भाषेच्या रूढ रचनांनी लिहिलेलं. तिथला दाखला यादीवर फिरण्याचा आहे.

सी किंवा जावा या भाषांतून आलेला माणूस लिहितो, 'फॉर आय इन रेंज(लेन(नावे))', आणि मग आत 'नावे[आय]'; म्हणजे 'लेन'ने यादीची लांबी मोजायची आणि क्रमांकाने एकेक नाव काढायचं. चालतं. पायथॉनच्या वळणाने तेच 'फॉर नाव इन नावे' होतं; क्रमांकही हवा असेल तर 'फॉर क्रमांक, नाव इन एन्युमरेट(नावे, स्टार्ट=1)'. फरक नुसत्या देखणेपणाचा नाही. यादीच्या जागी उघडलेली फाइल किंवा जनरेटर (किमती एकेक करून पुरवणारी रचना) आला की 'लेन' टाइपएरर (चुकीच्या प्रकारची वस्तू दिल्याची चूक) देतो, दुसरी रचना मात्र चालत राहते. फिरता फिरता यादीतून काही काढायला गेलात तर दोन्ही फसतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. [2, 4, 5] मधून सम संख्या काढायच्या आहेत. क्रमांकाने गेलात तर 2 निघतो, यादी आखडते आणि शेवटी इंडेक्सएरर (यादीत नसलेला क्रमांक मागितल्याची चूक) येतो. थेट फिरलात तर चूकही दिसत नाही : 2 निघाल्यावर 4 त्याच्या जागी सरकतो, पुढची पाळी 5 ची येते आणि हातात [4, 5] उरतात. इथलं पायथॉनी वळण म्हणजे लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने (कंसातल्या एकाच 'फॉर' रचनेतून यादी घडवून) विषम संख्यांची नवी यादी करणं.

'वळण' निवडण्याचं आणखी एक कारण, आणि माझ्या मते हेच मोठं : हा शब्द 'कोणाचं?' असं विचारायला लावतो. गो भाषेत प्रत्येक पावलावर चूक आली का ते तपासणं हेच तिचं वळण. पायथॉनमध्ये बहुधा आधी करून पाहतात आणि चूक आली तर 'ट्राय-एक्सेप्ट'ने पकडतात. फाइल आहे का हे तपासून मग ती उघडायची म्हटलं, तर मधल्या क्षणी कोणी ती पुसू शकतं. थेट उघडली तर ही फट राहत नाही. म्हणून नुसतं 'इडिओमॅटिक कोड' मराठीत अर्धवट वाटतं; 'पायथॉनच्या वळणाचा', 'गोच्या वळणाचा' असं नाव घेऊनच लिहावं. 'वळणदार कोड' मात्र टाळा. अक्षर वळणदार असलं तर कौतुक, पण कोड वळणावळणाचा म्हटला की घाटातला रस्ता डोळ्यांपुढे येतो.

'एलिगंट'साठी 'नेटका'. ही वेगळी गोष्ट आहे, एकात दुसरी आपोआप येत नाही. तीन 'फॉर' एकात एक कोंबलेलं कॉम्प्रिहेन्शन पायथॉनच्याच वळणाचं, पण नेटकं मुळीच नाही. साध्या लूपमध्ये उलगडलेलं बरं. 'यादी रिकामी आहे का' याला 'इफ नॉट यादी' हे दोन्ही अंगांनी छान. तेच वळण संख्येला लावलं तर 0 ही खरीखुरी किंमतसुद्धा 'काहीच दिलं नाही' म्हणून गळून पडते. तिथे 'इज नन' (किंमतच नाही का) असंच विचारायचं.

'इडिअम' हे नाम म्हणून आलं, म्हणजे दोन चलांच्या किमती 'अ, ब = ब, अ' अशी अदलाबदल करण्यासारखी एखादी सुटी गोष्ट, तर 'रूढ रचना' म्हणावं. 'प्रयोग' म्हणायचा मोह होतो, पण तो शब्द व्याकरणाने कर्तरी-कर्मणीसाठी कधीच अडवला आहे.

तर आपलं वाक्य : 'पायथॉनच्या वळणाचा, नेटका कोड'. सहकाऱ्याला शेरा लिहिताना 'हा भाग सी वळणाचा झालाय, एन्युमरेट वापर' एवढं पुरे. बोलताना 'पायथॉनिक' खुशाल म्हणा, ते रुळलं आहे. आणि 'कोड' पुल्लिंगीच ठेवा. 'ते कोड' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला त्वचेवरचे पांढरे डाग आठवतील.