रस्ट शिकण्यासाठी पहिलं कमांड-लाइन टूल कोणतं लिहावं?

पुस्तकातली रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा कळते, पण स्वतः लिहायला बसलं की बॉरो चेकर (डेटा कोण, कधी वापरतंय हे कंपाइल करतानाच तपासणारा भाग) अडवतो; छोटी टूल्स बनवून शिकता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की येईल. फक्त पाच टूल्स अर्धवट सोडण्यापेक्षा एकच पूर्ण करा. मी 'डब्ल्यूसी' सुचवेन. ओळी, शब्द, बाइट मोजणारी ही कमांड लिनक्स आणि मॅकवर असतेच, त्यामुळे आपला आकडा लगेच ताडून बघता येतो.

सुरुवातीला 'रीड_टू_स्ट्रिंग'ने फाइल वाचा. इथे 'रिझल्ट' हातात येतो, म्हणजे एकतर मजकूर किंवा एरर. 'अनरॅप' (एरर आली की प्रोग्रॅम तिथेच पाडणारं) लावून पुढे पळू नका. एररचा मजकूर 'ईप्रिंटएलएन'ने स्टँडर्ड एररवर छापा आणि एक्झिट कोड 1 द्या. 'नमस्ते' एवढंच लिहिलेली फाइल द्या, शेवटी न्यूलाइन नको. 'लेन' (बाइटमधली लांबी) 18 सांगेल, 'चार्स'ची मोजणी 6: देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (अक्षर, मात्रा किंवा हलंत यांचा युनिकोड क्रमांक) यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये 3 बाइट घेतो.

आता टूलला एखादा फोटो द्या. एरर येईल, कारण रस्टच्या स्ट्रिंगमध्ये वैध यूटीएफ-8च बसतं. खऱ्या डब्ल्यूसीला मात्र फोटो चालतो. म्हणून 'बफरीडर' आणि त्यातून एकेक ओळ कच्च्या बाइटमध्ये वाचणाऱ्या 'रीड_अंटिल'वर या. 'रीड_अंटिल' बफरमध्ये भर घालत जातं, आधीचं पुसत नाही. दर फेरीला 'क्लिअर' केलं नाही तर शब्दांचा आकडा फुगत जातो.

कोणता शब्द किती वेळा आला, हे पुढचं काम. हॅशमॅपची (की आणि तिची किंमत अशा जोड्या ठेवणारी रचना) की म्हणून बफरमधला स्लाइस, म्हणजे प्रत न करता घेतलेला तुकडा, ठेवलात की 'क्लिअर'च्या ओळीवर ई0502 ही एरर येते. बॉरो चेकरशी खरी ओळख इथे होते, आणि त्याचं बरोबरच असतं: बफर पुढच्या ओळीने भरला की त्या कीमागचे बाइटच बदलले असते. 'टू_वेक'ने कीची स्वतःची प्रत करा. प्रत्येक शब्दाला प्रत नको असेल, तर 'गेट_म्यूट'ने आधी शोधा आणि शब्द नवा असेल तरच प्रत करा. या एका एररवर एक संध्याकाळ घालवलीत तरी चालेल.

शेवटी मोठ्या फाइलमधल्या शब्दांची यादी पाइपने 'हेड' या पहिल्या काही ओळी दाखवून थांबणाऱ्या कमांडला द्या. 'ब्रोकन पाइप' म्हणत टूल पॅनिक होईल, म्हणजे एरर दाखवून बंद पडेल. रस्ट सुरुवातीलाच सिगपाइप (वाचणारा गेल्यावर मिळणारा सिग्नल) दुर्लक्षित करते, त्यामुळे लिहिताना एरर परत येते आणि 'प्रिंटएलएन' त्यावर पॅनिक करतं. 'राइटएलएन' वापरा, एररचा प्रकार 'ब्रोकनपाइप' असेल तर गुपचूप बाहेर पडा. आर्ग्युमेंट वाचून देणारं 'क्लॅप' हे क्रेट (तयार लायब्ररी) यानंतर घ्या. तोवर आर्ग्युमेंट हातानेच वाचा.