देवसेनेचं वय आणि भल्लालदेवाची दाढी

अनुष्का शेट्टी प्रभासपेक्षा लहान, मग 'बाहुबली'त ती त्याची आई कशी शोभते, असं विचारलंय. हिशेब बरोबर आहे भाऊ. प्रभास १९७९चा, अनुष्का १९८१ची. पण प्रभासच दोन पात्रं करतो, बाप अमरेंद्र आणि मुलगा महेंद्र. अनुष्काची देवसेना एकाची बायको, दुसऱ्याची आई, आणि ती दोन्ही भागांत आहे, हे विसरलात. २०१५च्या भागात ती पंचवीस वर्षं साखळदंडात काढून तिला कैदेत टाकणाऱ्या भल्लालदेवाच्या चितेसाठी काटक्या वेचते, आणि २०१७च्या भागात तीच बाण सोडणारी तरणी राजकन्या. गोष्ट उलटी सांगितली म्हणून म्हातारपण आधी दिसलं, एवढंच. नटी एकच ठेवायची तर तरणी घेऊन म्हातारी करणं सोपं. पन्नाशीच्या बाईला नवरी केलं की कॅमेरा चुगली करतो.

अमरेंद्रला वाढवणाऱ्या शिवगामीबद्दल मात्र काऊन कोणी विचारत नाही! रम्या कृष्णन १९७०ची, प्रभासहून नऊच वर्षांनी मोठी. नजर आणि सिंहासनावर बसायची ढब, यावरच तिनं आईपण निभावून नेलं. शिवाय बाळ महेंद्रला वाचवताना ती मरते, त्यामुळे पुढची पंचवीस वर्षं तिच्या चेहऱ्यावर चढवावीच लागली नाहीत.

मला खटकतो तो भल्लालदेव. राणा दग्गुबाती १९८४चा. अमरेंद्रचा भाऊ म्हणून झकास. पण शेवटच्या लढाईत तो महेंद्रचा काका आहे, आणि काकाच पुतण्यापेक्षा पाच वर्षांनी लहान! दाढी पिकवली, दंड तिशीतलेच राहिले. मधली पंचवीस वर्षं कुठे गेली ते कळत नाही.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या जत्रेत रात्रीच्या नाटकात चाळिशीतला नायक कॉलेजचा पोरगा होतो, तरी कोणी हरकत घेत नाही. मंडपात मागे बसलेल्याला सुरकुती दिसते कुठे? पडद्यावर चेहरा भिंतीएवढा होतो, तिथे चाल आणि मानसुद्धा म्हातारी लागते. देवसेनेत ती आहे.

माझ्या मते नटाचा जन्मदाखला बघूच नये, पात्रापात्रांतलं अंतर बघावं. 'हॅरी पॉटर'चंच घ्या. कादंबरीप्रमाणे हॅरीचा मास्तर स्नेप सुरुवातीला ३१चा, आणि २००१च्या पहिल्या सिनेमात तो करणारे अ‍ॅलन रिकमन ५५चे. स्नेप हॅरीच्या आईबापाच्या वर्गातला, ते तर एकविशीतच गेलेले. पण सिनेमात तेही थोराडच घेतले, म्हणून जुळून गेलं. पोरांचंही तसंच. गोष्टीत सात वर्षं, सिनेमे निघायला २००१ ते २०११. सगळी पोरं सोबतच वाढली, म्हणून एकमेकांशेजारी कोणी वेगळं दिसत नाही.