गारठलेली बिअर ओतून टाकू नका

घरी बिअर आंबायला ठेवलेल्या फ्रिजचा तापमान सांभाळणारा कंट्रोलर बिघडला, फ्रिज रात्रभर चालू राहिला आणि बादलीतली पेल एल (फिकट रंगाची बिअर) 3 अंशांवर गेली, एवढंच ना? मग घाबरू नका. थंडीने यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी) सहसा मरत नाही, सुस्तावून तळाशी बसतं. बादली बाहेर काढा, हळूहळू 20 अंशांपर्यंत येऊ द्या आणि बंद झाकणानिशीच हलकेच गोल फिरवा. उघडून ढवळायचं नाही! हवा मिसळली की पुढे ओल्या पुठ्ठ्याची चव येते. गार होताना एअरलॉकमधलं (झाकणावरची, आतला वायू सोडून बाहेरची हवा अडवणारी नळी) सॅनिटायझर आत ओढलं गेलं असेल, तर घोटभराने काही होत नाही.

दोन-तीन दिवसांनी हायड्रोमीटर (बिअरची घनता मोजणारं उपकरण; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) लावा. आकडा 1.030 वरच अडकला असेल तर कोरडं यीस्ट तसंच भुरभुरू नका. तयार अल्कोहोलमध्ये ते नीट उठत नाही. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) पाण्यात जागं करून, फेस धरल्यावर घाला.

बाटल्यांची घाई मात्र अजिबात नको. आकडा 1.012 च्या आसपास उतरून तीन दिवस हलला नाही, तरच भरा. अर्धवट आंबलेल्या बिअरमध्ये साखर घालून झाकणं ठोकलीत तर बाटल्या फुटतात, आणि काचा कुठवर उडतील सांगता येत नाही.

नव्या कंट्रोलरचा सेन्सर बादलीलाच चिकटवा, हवेत लटकवू नका.