एकच हवा, दोन निर्देशांक

प्रश्न : मी चेंबूरला राहतो. हिवाळ्यात सकाळी फिरायला निघण्याआधी मोबाइलवर हवेचा निर्देशांक पाहतो, तर एक अ‍ॅप 100 दाखवते आणि दुसरे 150 च्या वर. समोर टॉवरचे काम सुरू असल्याने खिडकीच्या गजांवर रोज धूळ बसते. कोणता आकडा खरा मानावा? – एक वाचक, मुंबई

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात. पीएम 2.5, म्हणजे 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण, घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असतील, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीने निर्देशांक 100 येतो. अमेरिकी पद्धतीने तेच प्रमाण 150 ओलांडते. शिवाय मंडळ कणांची 24 तासांची सरासरी धरते, तर काही अ‍ॅप ताज्या तासाचा आकडा दाखवतात. म्हणून निर्देशांकाऐवजी मायक्रोग्रॅमचा आकडा पाहावा. आपल्याकडे 24 तासांसाठी 60 ची मर्यादा आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली मर्यादा 15 आहे. तेव्हा आपली मोजपट्टी सैलच म्हणावी लागेल.

गजांवर बसते ती बहुतांशी जाड धूळ. फुप्फुसांत खोलवर जाणारे सूक्ष्म कण वाहनांच्या धुरातून, कोळसा, लाकूड आणि कचरा जाळल्याने येतात व दीर्घकाळ हवेत तरंगत राहतात. अर्थात बांधकामाची धूळही सोसण्याचे कारण नाही. महापालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या नियमांनुसार 70 मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती किमान 35 फूट उंच पत्रे हवेत, इमारत कापडाने झाकलेली हवी आणि राडारोड्याचे ट्रक उघडे जाता कामा नयेत. तसे नसेल, तर छायाचित्रांसह विभाग कार्यालयात लेखी तक्रार करावी.

खरी अडचण आपल्या फिरण्याच्या वेळेची आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर खालीच कोंडतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे मंद असतात आणि समुद्राकडून येणारे खारे वारे उशिरा सुरू होतात. त्यामुळे पहाटेपेक्षा दुपार कलल्यावर, खारा वारा वाहत असताना, मुख्य रस्ता टाळून फिरावे. सकाळीच जाणे भाग असेल, तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरावा. रुमालातून हे कण सहज आत जातात. दमा किंवा हृदयविकार असल्यास धुरकट सकाळी बाहेरचा व्यायाम टाळून घरातच करावा.